हायवेच्या कामातलं ट्रॅफिक नियोजन (गोवा)

हायवेचं काम चालू असताना त्याच रस्त्यावरून गाड्या सुखरूप जाव्यात आणि तिथे राबणाऱ्या कामगारांच्याही जिवाला धोका नको, म्हणून बोर्ड, बॅरिकेड, डायवर्जन, रात्रीचे ब्लिंकर, झेंडेवाला अशी जी व्यवस्था करतात तिला वर्क झोन ट्रॅफिक मॅनेजमेंट म्हणतात. भारतात यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी एसपी ५५ ही मार्गदर्शिका आहे, २०१४ला ती सुधारून निघाली.

गोव्यात हा रोजचा प्रश्न आहे. पत्रादेवी ते पोळे जाणारा एनएच ६६ (आधीचा १७) कित्येक वर्षं तुकड्यातुकड्यांनी रुंद होतोय, मधे झुआरीचा नवा पूल झाला (एक बाजू डिसेंबर २०२२ला खुली, दुसरी डिसेंबर २०२३ला), मग पर्वरीला साधारण ५ किमीच्या सहापदरी उड्डाणपुलाचं काम निघालं, आणि हे सगळं चालू ट्रॅफिकमध्ये, कारण एवढ्या गाड्या वळवायला दुसरा मोठा रस्ताच नाही.

कामाच्या जागेचे चार भाग धरतात. आधी सूचनेचा पट्टा, मग लेन हळूहळू अरुंद करणारा तिरका भाग, मग प्रत्यक्ष काम, शेवटी परत मूळ लेनवर आणणारा भाग. यात सूचनेचा पट्टा सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच तोकडा ठेवतात. ताशी ६० किमीने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर कापते, म्हणजे बोर्ड ५० मीटरवर लावला तर ड्रायव्हरकडे तीनच सेकंद उरतात, त्यात वाचायचं, आरशात बघायचं आणि लेन बदलायची! ट्रॅफिक आणि कामगार यांच्यामधे थोडी जागा मोकळी ठेवायची असते, ब्रेक न लागलेली गाडी तिथे थांबावी म्हणून. तिथे खडीचा ढीग टाकला किंवा टँकर उभा केला की ती जागा असून नसल्यासारखी.

इथला पाऊस वेगळंच काम लावतो. जून ते सप्टेंबर तांबडी माती वाहून येते, पांढरे पट्टे झाकले जातात, बॅरिकेडवरचा रिफ्लेक्टर चिखलाने माखतो आणि रात्री हेडलाईट पडला तरी चमकत नाही, त्यामुळे रोज संध्याकाळी कोणीतरी फडकं घेऊन ते पुसलेच पाहिजेत. स्कूटरवाल्यांना आणि पायलटांना (गोव्यातले मोटरसायकल टॅक्सीवाले) खरा धोका असतो डांबराच्या दोन थरांमधल्या उंचीच्या फरकाचा. चाक त्या कडेला तिरकं घासलं की गाडी सरळ आडवी होते. चारचाकीवाल्याला ते जाणवतही नाही. म्हणून तिथे नुसता बोर्ड पुरत नाही, कड उतरती करून घ्यावी लागते.

२०१९च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीत कलम १९८अ आलं. ठेकेदाराने किंवा सल्लागाराने ठरलेले सुरक्षा निकष पाळले नाहीत आणि त्यामुळे कोणी दगावलं किंवा अपंग झालं तर १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जीव गेल्यावर एवढाच दंड, हे फारच कमी आहे.

काम संपलं की जुने बोर्ड काढणं आणि तात्पुरते पट्टे खरवडून टाकणं हाही याच नियोजनाचा भाग. ते तसेच राहिले तर नवखा पर्यटक रात्री जुन्या पट्ट्यांमागे जाऊन थेट डिव्हायडरवर चढतो, आणि रोजचे लोक पुढच्या कामाचा खरा बोर्डही बघायचं सोडून देतात.