तठली हवा पातय ऱ्हास

जळगाव-धुळ्याकडून केदारनाथला निघालेल्यांच्या पिशवीत कापराची पुरचुंडी असतेच. जाऊन आलेली एखादी आजी बजावते, "तठली हवा पातय ऱ्हास." म्हणजे अहिराणीत, तिथली हवा पातळ असते, आणि पातळ हा शब्द अगदी नेमका आहे. वर गेल्यावर हवेतली ऑक्सिजनची टक्केवारी घटते, हा समज मात्र चुकीचा. जळगावात 21 टक्के, केदारनाथला 21 टक्के, एव्हरेस्टच्या माथ्यावरही तेवढीच.

मग दम का लागतो? वेचणीनंतर घरात आढ्यापर्यंत भरलेला कापूस आठवा. तळाचा कापूस वरच्या भाराने चेपलेला, वरचा फुललेला. तळाची टोपली जड, वरची हलकी. सरकी-रुईचं प्रमाण मात्र दोन्हींत सारखंच. आपण हवेच्या अशाच ढिगाच्या तळाशी राहतो. जळगावची उंची जेमतेम 200 मीटर, केदारनाथची साडेतीन हजारांवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 65 टक्के. छाती तेवढीच फुगते, पण टोपली हलकी भरते.

शिवाय वाफ आहेच. शरीर 37 अंशांवर असल्याने श्वासमार्गातल्या वाफेचा दाब कुठेही पाऱ्याचे 47 मिलिमीटर राहतो. खाली एकूण 760, म्हणून ते खपून जातं. केदारनाथला एकूण 490 च्या आसपास, त्यातूनही 47 वजा.

तोरणमाळला हजारावर मीटर चढूनही काही जाणवत नाही, कारण दाब थोडा उतरला तरी रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन त्याने जवळपास पूर्ण भरतं. अडीच-तीन हजार मीटरपुढे मात्र ते भरेनासं होतं.

कापूर हुंगल्याने नाकाला गार वाटतं, ऑक्सिजन काडीभरही वाढत नाही. खरी मदत शरीर करतं. श्वास लगेच जलद होतो, मूत्रपिंडं काही दिवसांत रक्ताचा आम्ल-अल्क तोल सावरतात, नव्या तांबड्या पेशी भरून यायला आठवडे लागतात. हेलिकॉप्टरने काही मिनिटांत वर पोचलेल्या माणसाला जलद श्वासापलीकडे यातलं काहीच मिळत नाही, म्हणून मला त्या घाईची काळजी वाटते. तीन हजार मीटरनंतर मुक्कामाची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये.

डोकं ठणकलं, मळमळलं, तर आणखी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, तोल गेला किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर सकाळची वाट न पाहता माणसाला खाली आणायचं.