सर्वव्यापी नेटवर्क समाज

माणसे, वस्तू आणि जागा सतत परस्परांशी जोडलेल्या असतील आणि त्यासाठी कोणाला मुद्दाम संगणकासमोर बसावे लागणार नाही, अशा समाजाची संकल्पना. २००० नंतर जपानच्या दूरसंचार धोरणात तिची सर्वांत तपशीलवार मांडणी झाली.

संकल्पनेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. पाश्चात्त्य लेखनात तिचे श्रेय बहुधा मार्क वायझर (१९५२–९९) यांना दिले जाते. पालो आल्टो येथील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात त्यांनी साधारणतः १९८८ पासून हा विचार मांडला. तळहातावर मावणारी, वहीएवढी आणि फळ्याएवढी अशी तीन आकारांची साधने तेथे घडवली गेली. १९९१ च्या त्यांच्या लेखामुळे ही कल्पना जगभर पोहोचली. जपानी अभ्यासक मात्र केन साकामुरा यांच्या ट्रॉन प्रकल्पाकडे बोट दाखवतात. टोकियो विद्यापीठात १९८४ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात यंत्रांच्या पोटात बसवायच्या छोट्या संगणकांसाठी खुली कार्यप्रणाली तयार झाली. भिंती, दिवे, वाहने यांतील असे असंख्य संगणक मिळून काम करतील, हे त्यामागचे गृहीतक होते. १९८९ मध्ये टोकियोत उभारलेल्या प्रायोगिक ट्रॉन घरात बाहेर सुखद वारा असला की खिडक्या आपोआप उघडत आणि वातानुकूलन थांबे. कालक्रम पाहता साकामुरांना अग्रमान देणे अधिक सयुक्तिक वाटते. तथापि दोन्ही प्रवाह बहुधा स्वतंत्रपणे उगम पावले असावेत.

दोहोंतील फरक महत्त्वाचा आहे. वायझर यांचा भर संगणक नजरेआड होण्यावर होता, तर साकामुरांच्या नंतरच्या कामात वस्तूची ओळख केंद्रस्थानी आली. त्यासाठी १२८ बिटांचा ‘यूकोड’ हा क्रमांक योजला गेला. वस्तूला चिकटवलेल्या चिपमध्ये किंवा छापील चिन्हात केवळ हा क्रमांक असतो; औषधाची मुदत किंवा भाजीचे मूळ शेत ही माहिती दूरच्या सर्व्हरवर राहते आणि क्रमांक वाचल्यावर तेथून मागवली जाते. यूकोड जागांनाही देता येतो. या रचनेमुळे चिप स्वस्त राहते, पण खरी सत्ता क्रमांकाची नोंदवही सांभाळणाऱ्याकडे जाते. धोरणविषयक लेखनात या बाजूची पुरेशी चर्चा होत नाही, ही गंभीर उणीव होय.

जपानने २००१ च्या ‘ई-जपान’ धोरणानंतर २००४ मध्ये ‘यू-जपान’ (‘यू’ म्हणजे ‘युबिक्विटस’, सर्वव्यापी) धोरण आखले. केव्हाही, कोठेही, कशाशीही आणि कोणालाही जोडणी मिळावी, हे त्याचे २०१० पर्यंतचे उद्दिष्ट होते. दक्षिण कोरियानेही याच सुमारास तशी धोरणे आखली. २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’ (वस्तूंचे इंटरनेट) या विषयावर अहवाल काढला आणि पुढे हीच संज्ञा रूढ झाली.

भावी वाटचालीचा अधिकृत आराखडा याच संघाच्या सहाव्या पिढीच्या मोबाइल सेवेविषयीच्या २०२३ च्या शिफारशीत आढळतो. तीत सहा उपयोगक्षेत्रे असून सर्वव्यापी जोडणी हे त्यांपैकी एक आहे. दुसरे क्षेत्र संवेदन आणि संप्रेषण यांच्या एकत्रीकरणाचे आहे. त्यात संदेश वाहणाऱ्या रेडिओलहरींच्या परावर्तनावरून परिसरातील वस्तूंचे स्थान आणि हालचाल टिपली जाईल. तेव्हा जवळ कोणतेही साधन न बाळगणारी व्यक्तीही जाळ्याच्या कक्षेत येईल. साधनधारकाची संमती हा आजच्या खासगीपणाविषयीच्या नियमांचा पाया तेथे अपुरा पडेल. दुसरीकडे, संघाच्या २०२४ च्या अंदाजानुसार सुमारे २६० कोटी लोक इंटरनेटपासून दूर होते.