पहिल्या पाळीनंतर मुलींची उंची थांबते का?

मुलीला पहिली पाळी आली की तिची उंची तिथेच थांबते, हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला असला तरी तो खरा नाही. उंची सर्वांत झपाट्याने वाढण्याचा काळ बहुधा पाळीपूर्वीच येऊन जातो आणि नंतर इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामुळे (हार्मोनमुळे) हाडांच्या टोकांजवळची वाढीची कूर्चा, म्हणजे हाडाहून मऊ, लवचीक भाग, हळूहळू हाडात रूपांतरित होत असल्याने वेग मंदावतो; तरीही पुढील दोन-अडीच वर्षांत साधारण ५ ते ७ सेंटिमीटर उंची वाढते. म्हणूनच ‘आता काय उपयोग’ म्हणत तिचा आहार आणि मैदानी खेळ कमी करणे मला अन्यायाचे वाटते. वयाच्या ८ वर्षांपूर्वी स्तनांची वाढ दिसू लागल्यास मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवावे, कारण तेव्हा कूर्चा लवकर हाडात बदलून अंतिम उंची खरोखरच कमी राहू शकते.