अन्ननलिका उभीच का फाटते?

सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, गराडू (तळलेला कंद), भुट्ट्याचा कीस आणि वर रबडी-जलेबी रिचवून पोट तट्ट फुगलं की इंदूरच्या मराठी घरांत एक सल्ला हमखास मिळतो : "मिठाचं कोमट पाणी पी, घशात बोटं घाल, मोकळा हो." लागलेली नजरही त्यातूनच उतरते म्हणे! नजर कुठल्याच उलटीतून बाहेर पडत नाही. फार जोर केला तर क्वचित अन्ननलिका मात्र फाटते.

१७२४ साली हॉलंडच्या हर्मान बूरहाव्ह यांनी अशा एका नौदलप्रमुखाची हकिगत लिहिली. भरपेट जेवण, मुद्दाम काढलेली उलटी, छातीत असह्य कळ आणि दिवसाच्या आत मृत्यू. शवविच्छेदनात छातीच्या पोकळीतून त्या नौदलप्रमुखानं खाल्लेल्या बदकाचा वास आला.

चीर जवळजवळ नेहमी उभीच का पडते, हे मला फार आवडतं. उलटीच्या वेळी पोटाचे स्नायू आवळतात. वरची झडप वेळेवर उघडली नाही, किंवा चारचौघांत लाजेनं उलटी दाबली, तर सगळा दाब नळीत कोंडतो. दाब गुणिले त्रिज्या, भागिले भिंतीची जाडी, एवढा ताण भिंतीला आडवा, घेराच्या दिशेनं ओढतो. लांबीच्या दिशेनं त्याच्या निम्माच. घेर आधी हरतो आणि नळी उभी उसवते. चीर न देता तेलात टाकलेली मिरची आठवा. जागाही बहुधा ठरलेली : खालचा भाग, डावीकडे, किंचित मागे, कारण तिथे शेजारच्या अवयवांचा आधार कमी. आतड्याला असतं तसं बाहेरचं चिवट आवरणही इथे नसतं. त्यात प्रत्येक श्वासाला छातीतला दाब उतरतो आणि अन्न, आम्ल, जंतू आत ओढले जातात.

१९४७ साली लंडनच्या नॉर्मन बॅरेट यांनी अशी फाटलेली नळी यशस्वीपणे शिवल्याचं प्रसिद्ध केलं. ते छाती उघडून. आता रुग्ण लवकर पोचला आणि स्थिर असला, तर बरगड्यांमधल्या तीन-चार छिद्रांतून हे दुर्बिणीनं करता येतं. डावं फुप्फुस तेवढ्यापुरतं मिटवतात, छाती धुऊन काढतात. मग खरी गोम : आतल्या अस्तराची चीर स्नायूवरच्या चिरेपेक्षा लांब असते. म्हणून चांगला स्नायूही वर-खाली थोडा कापून अस्तराची दोन्ही टोकं शोधायची, अस्तर शिवायचं, त्यावर स्नायू शिवायचा, त्यावर जवळच्या ऊतीचं ठिगळ. होर्डिंगवर 'बिनटाक्याचं ऑपरेशन' लिहितात ना? टाके असतात, आत असतात. उशीर होऊन जंतुसंसर्ग पसरला, तर छाती उघडावीही लागते.

हे दुखणं हार्ट अटॅकसारखं भासतं, म्हणून डॉक्टरांना क्रम सांगा : आधी उलटी, मग कळ. मानेची त्वचा दाबल्यावर कुरकुरली, तर खाली हवा शिरलेली असू शकते. तेही सांगा, आणि तोवर पाण्याचा घोटही देऊ नका.