सिंहपुच्छ माकड : वन्य समष्टींमधील जनुकीय विविधता

सह्याद्रीच्या दक्षिण भागातील सदाहरित वनांत राहणाऱ्या सिंहपुच्छ माकडाच्या (शास्त्रीय नाव मॅकॅका सायलेनस) वेगवेगळ्या समष्टींत (एका भागात राहून आपसांत प्रजनन करणाऱ्या प्राण्यांच्या समूहांत), तसेच एकाच समष्टीतील प्राण्यांत आढळणारा जनुकांचा फरक. काळी कांती, तोंडाभोवती करडी आयाळ आणि शेपटीच्या टोकाला गोंडा ही या प्राण्याची ओळख. तो कर्नाटक, केरळ व तमिळनाडू या तीन राज्यांतच नैसर्गिक अवस्थेत आढळतो. एकूण संख्या चार हजारांच्या आसपास मानली जाते. पण हे प्राणी एका सलग वनात नसून चाळीस-पन्नास तुकड्यांत विखुरलेले आहेत. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ही जाती ‘संकटग्रस्त’ असून भारतीय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत तिचा समावेश आहे.

नावाचा घोळ : स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीअसने १७५८ मध्ये या जातीचे नामकरण केले. जुन्या युरोपीय ग्रंथांत तिला ‘वांडरू’ म्हटलेले आढळते. हा शब्द सिंहली ‘वंदुरा’ या शब्दाचे रूप असून त्याचा संबंध संस्कृत ‘वानर’शी आहे. इंग्रज लेखक रॉबर्ट नॉक्सने १६८१ मध्ये श्रीलंकेच्या वर्णनात तो वापरला, तेव्हा त्याच्यासमोर तिथले लंगूर होते. पुढे फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ बुफाँच्या प्रभावामुळे हे नाव सिंहपुच्छाला चिकटले आणि हा प्राणी श्रीलंकेचा असल्याचा समज दीर्घकाळ टिकला. प्रत्यक्षात श्रीलंकेत ही जाती नाही. मराठीतील ‘सिंहपुच्छ वानर’ हे रूढ नावही तितकेसे बरोबर नाही. कोल्हापूरच्या घाटपट्ट्यात लोक लालसर तोंडाच्या टोपीवाल्याला (बॉनेट मकाक) माकड आणि काळ्या तोंडाच्या, लांब शेपटीच्या लंगुराला वानर म्हणतात. हा भेद शास्त्रालाही मान्य होण्यासारखा आहे आणि त्यानुसार सिंहपुच्छ हे माकडच ठरते. म्हणून येथे तीच संज्ञा स्वीकारली आहे. नावाची ही चर्चा केवळ शब्दांपुरती नाही, कारण या माकडाच्या प्रदेशाच्या उत्तर सीमेचा वाद बऱ्याच अंशी अशाच नावांवर उभा आहे.

उत्तर सीमा व कोल्हापूर : एकोणिसाव्या शतकापासूनच्या काही लेखनात या माकडाचा प्रदेश गोव्याच्या आसपासपर्यंत नेलेला दिसतो. तो मान्य केला तर चंदगड, आजरा व राधानगरीची वने त्याच्या जुन्या प्रदेशाच्या उंबरठ्यावर येतात. पण उत्तरेकडील उल्लेख बहुतांशी ऐकीव माहितीवर आधारलेले असून काळ्या तोंडाचा लंगूर व हे माकड यांत गल्लत होणे सहज शक्य होते. १९८५ मध्ये वन्यजीवशास्त्रज्ञ उल्लास कारंत यांनी उत्तर कन्नड जिल्ह्यातील अणशी घाट ही उत्तर मर्यादा दिली. ती चंदगडपासून सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटरवर येते. नंतरच्या सर्वेक्षणांत उत्तरेकडील मोठी समष्टी आणखी दक्षिणेला, त्याच जिल्ह्यातील शिरसी-होन्नावर भागात नोंदली गेली. तेथे ३२ गट मोजले गेले.

वनस्पतिशास्त्राचा पुरावाही याच बाजूने झुकतो. दक्षिणेत या माकडाच्या आहारात कलेनिया वृक्षाला मोठे स्थान आहे. तो कोल्हापूरच्या वनांत नाही. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलाचा पोत अंजनी, जांभूळ आणि पिसा यांचा. शिवाय दक्षिणेत कोरडा काळ तीन-चार महिन्यांचा, तर इकडे सहा-सात महिन्यांचा असतो. बाराही महिने फळे व कीटक शोधणाऱ्या, झाडांच्या शेंड्यांत राहणाऱ्या प्राण्याला हा खंड पेलणे अवघड आहे. दांडेली भागातून आलेले हत्ती २००० नंतर चंदगड-आजऱ्यात वावरू लागले, हे खरे. पण हत्ती ऊसशेती व माळ ओलांडून येतो, सिंहपुच्छाला फांदीला फांदी लागते. त्यामुळे ऐतिहासिक काळात ही जाती आजच्या कोल्हापूर जिल्ह्यात स्थिर वस्ती करून होती, असे मानण्यास सबळ आधार दिसत नाही. उत्तर कन्नडमधील अणशी घाटापर्यंत ती अलीकडेपर्यंत होती, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

पालघाट खिंड व दोन शाखा : जनुकीय अभ्यासासाठी या माकडांना पकडण्याची गरज नसते. गटामागे फिरून गोळा केलेल्या ताज्या विष्ठेत आतड्याच्या अस्तरातील पेशी असतात. त्यांतून डीएनए मिळवता येतो. तो तुटका व अल्प असल्याने एकच चाचणी पुन्हा पुन्हा करावी लागते, नाहीतर खोट्या युग्मविकल्पांची (एकाच जनुकाच्या पर्यायी रूपांची) नोंद होते. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राशी संबंधित संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा नमुन्यांतील तंतुकणिकांचा (पेशीकेंद्राबाहेरील, ऊर्जा निर्माण करणाऱ्या घटकांचा) डीएनए तपासला. त्यातून केरळ-तमिळनाडू सीमेवर सह्याद्रीची रांग तोडणाऱ्या पालघाट खिंडीच्या उत्तरेची व दक्षिणेची अशा दोन स्पष्ट शाखा समोर आल्या. त्यांच्या विभक्तीचा अंदाज सुमारे वीस लाख वर्षांपूर्वीचा आहे.

हा आकडा जपून वापरावा. रेणवीय घड्याळ, म्हणजे डीएनएतील बदलांच्या वेगावरून काळ मोजण्याची पद्धत, जीवाश्मांच्या कालनिर्णयावर लावलेले असते आणि त्यातील थोडी चूक लाखो वर्षांचा फरक पाडते. शिवाय सुमारे तीस किलोमीटर रुंदीची ही खिंड भूशास्त्रीय दृष्ट्या या विभक्तीहून पुष्कळ जुनी आहे, त्यामुळे नुसत्या खिंडीने ही तारीख उलगडत नाही. प्लाइस्टोसीन युगाच्या आरंभी (सुमारे पंचवीस लाख वर्षांपूर्वी) हवामान कोरडे होऊन खिंडीतील सदाहरित आच्छादन तुटले असावे, हे स्पष्टीकरण अधिक पटते. हत्ती आणि निलगिरी ताहर (डोंगरी रानबकरी) यांच्यातही खिंडीच्या दोन बाजूंना जनुकीय भेद आढळल्याने या मताला बळ मिळते.

तंतुकणिका आईकडूनच मिळतात. या जातीत माद्या जन्मगटातच राहतात आणि वयात आलेले नर बाहेर पडतात. म्हणून मातृवंशाचा डीएनए जितका विभागलेला दिसतो, तितका पेशीकेंद्रातील डीएनए असेलच असे नाही. एका नराने ओलांडलेली दरी पहिल्या चाचणीत दिसत नाही, दुसरीत दिसू शकते.

अलीकडचे तुकडीकरण : दुसरे विभाजन माणसाचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चहा-कॉफीच्या मळ्यांनी व पुढे धरणे-रस्त्यांनी वने कापली. या माकडाची पिढी दहा-बारा वर्षांची धरली, तर दीडशे वर्षांत जेमतेम बारा ते पंधरा पिढ्या होतात. म्हणूनच वनाचा तुकडा उजाड दिसू लागला तरी त्यातील विविधता बरीच शिल्लक आढळू शकते. ऱ्हास मागाहून येतो.

त्याचा वेग प्रजननक्षम प्राण्यांच्या प्रभावी संख्येवर, म्हणजे पुढच्या पिढीत जनुके पोहोचवण्याच्या दृष्टीने जितके प्राणी प्रत्यक्षात मोजावेत त्या संख्येवर, ठरतो. बहुतेक गटांत एकच प्रौढ नर असल्याने ती डोळ्यांना दिसणाऱ्या संख्येहून बरीच कमी असते. उदाहरणार्थ, एका तुकड्यात चार गट, प्रत्येकात एक नर व सहा माद्या असतील तर प्रौढ प्राणी २८ होतात. पण नर-मादी प्रमाणाच्या नेहमीच्या सूत्रानुसार प्रभावी संख्या १४ च्या आतच राहते. अशी समष्टी पूर्ण एकाकी राहिली तर दर पिढीला साडेतीन टक्क्यांहून थोडी अधिक विषमयुग्मजता (आई व वडिलांकडून एका जनुकाची वेगवेगळी रूपे मिळण्याचे प्रमाण) गमावते, म्हणजे बारा पिढ्यांत सुमारे एक-तृतीयांश. गटांतील नर बदलत राहत असल्याने प्रत्यक्ष हानी काहीशी सौम्य असावी. बाहेरून पिढीमागे एक-दोन नर आले, तरी हे गणित मोठ्या प्रमाणात बदलते. तमिळनाडूतील वालपाराई पठारावर रस्त्यावरून बांधलेल्या झुलत्या पुलांचे मोल यामुळे अपघात टाळण्याहून अधिक आहे.

संवर्धन : केरळमधील सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान (१९८४) व कर्नाटकातील अघनाशिनी सिंहपुच्छ माकड संवर्धन राखीव (२०११; २०१९ मध्ये शरावती खोरे सिंहपुच्छ माकड अभयारण्यात समाविष्ट) ही या जातीशी नाव जोडली गेलेली प्रमुख क्षेत्रे. खिंडीच्या दोन बाजूंच्या समष्टींचे व्यवस्थापन स्वतंत्रपणे करावे, हा जनुकीय अभ्यासातून निघणारा सरळ निष्कर्ष आहे. प्राणिसंग्रहालयांतील जुन्या प्राण्यांचे मूळ वन नेहमी नोंदलेले नसते. त्यांच्या संततीला जंगलात सोडण्यापूर्वी ती कोणत्या शाखेची आहे हे तपासणे आवश्यक ठरते. शिरसी-होन्नावरची समष्टी प्रदेशाच्या उत्तर टोकाला आणि कलेनियाशिवाय जगणारी आहे. तिच्यातील एखादा विरळ युग्मविकल्प नष्ट झाला, तर तो दक्षिणेतून परत मिळेलच असे नाही. म्हणून तेथील वनपट्टा सलग ठेवण्याला इतर कोणत्याही उपायाआधी स्थान द्यावे लागते.