होजवाल्यांचा दिवस आणि सहीवाल्यांची बदनामी

चौदा एप्रिलच्या सुमारास अग्निशमन दलाचे जवान सरकारी कार्यालयांतून छातीवर कागदी झेंडा टाचत फिरतात. मुंबईत त्या दिवशी चैत्यभूमीकडे लोटणाऱ्या गर्दीत हा झेंडा फारसा कोणाच्या नजरेत भरत नाही. त्यामागची कथा मात्र याच शहराची आहे.

१४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज उभं होतं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, आणि वर कराचीत चढवलेल्या कापसाच्या गासड्या. दुपारी धूर दिसला, वर्दी गेली, बंब आले. (दलात आगीच्या खबरेला ‘वर्दी’ म्हणतात, गणवेशाशी तिचा संबंध नाही.) पाण्याचे फवारे सुरू होते, पण गासड्या आतून धुमसतच होत्या. जहाज बाहेर ओढावं की तिथेच बुडवावं, हे ठरवायला कोणी पुढे होईना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. दलाचे ६६ जण गेले. शेवटपर्यंत होज (पाण्याचा जाड पाइप) धरून उभे राहिलेले तेच होते.

युद्ध चालू असल्याने बातमी आधी दाबली गेली. पुढे चौकशी झाली. एकाच जहाजात कापूस आणि दारूगोळा भरलाच कसा, हा सवाल होता आणि रोख निर्णय न घेणाऱ्यांवर होता. होजवाल्यांना कोणी बोल लावला नाही. पुढे हाच दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जाऊ लागला. मृत्यूने मिळालेला मान असा निर्विवाद असतो.

जिवंतपणी तेवढं सोपं नसतं. ‘बंब उशिरा आला’ ही तक्रार जुनीच. गल्लीत दुतर्फा गाड्या लावून ठेवणारेही ती करतात, ही गंमत वेगळी. २०१२ साली मंत्रालय जळालं तेव्हाही दलावर टीका झाली. मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवासच्या आगीने चार अधिकारी नेले, त्यात खुद्द प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर होते. टीका काही काळ थांबली.

मधल्या काळात टीकेची जागाच बदलली होती. राज्याच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याने इमारती तपासायचे, नोटिसा काढायचे अधिकार दलाच्या हाती भक्कम झाले. तेव्हापासून प्रश्न नुसता पाण्याचा राहिला नाही, सहीचाही झाला. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या आगीत १४ जण गेले, तेव्हा ज्यांनी आग विझवली त्यांच्याच दलातल्या एका अधिकाऱ्याला पुढे अटक झाली. पाहणी नीट का केली नाही, हा आरोप होता.

जवानांना हे बोचतं. एकाच्या सहीसाठी सगळ्या अग्निशमन केंद्राला टोमणे ऐकावे लागतात. पण सहीचा हिशेब मागणाऱ्यांचं चुकतं असंही मला वाटत नाही. ६६ जणांच्या वेळीही लोकांनी विचारलं होतं ते हेच की वेळेत निर्णय कोणी घ्यायचा होता. फरक इतकाच की तेव्हा तो माणूस दलाबाहेरचा होता.