एक एकर, एक गाय आणि नत्राचा हिशेब

शहरातली नोकरी सोडून एकरभर रान घ्यायचे, धान्य आणि भाजीपाला पिकवायचा, गाय बांधायची आणि पाच माणसांनी बाजाराचे तोंड पाहायचे नाही, असे आराखडे हल्ली मोबाइलवर फिरत असतात. त्यांत पाण्याचा आणि विजेचा हिशेब असतो, नत्राचा मात्र क्वचितच दिसतो.

प्रथिनांच्या वजनात सुमारे 16 टक्के नत्र असते. माणशी रोज 55 ग्रॅम प्रथिने धरली, तर पाच जणांच्या पोटात वर्षाला साधारण 16 किलो नत्र जाते आणि ते सारे त्या 40 गुंठ्यांतूनच यावे लागते. यावर ‘गाय आहे ना’ हे ठरलेले उत्तर असते. परंतु शेणातले नत्र गाईने चाऱ्यातून खाल्लेलेच असते. चारा त्याच रानातला असेल, तर शेणखत ही केवळ परतफेड ठरते, आणि अमोनिया हवेत उडून जात असल्याने तीही अपुरी. एका देशी गाईच्या शेणावर 30 एकर पिकवण्याचा दावा ज्यांना मानायचा त्यांनी मानावा, वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम गाईला सूट देत नाही.

नवे नत्र येते ते हवेतून. तेथे ते 78 टक्के असले, तरी त्याचे अणू जोडीजोडीने तिहेरी बंधाने बांधलेले असतात. हा बंध तोडण्यासाठी खत कारखान्यात 400 ते 500 अंश सेल्सिअस तापमान आणि शेकडो पट वातावरणदाब लागतो; हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू तेच काम मातीच्या तापमानाला करतात. त्यांचे नायट्रोजनेज हे विकर (एन्झाइम) ऑक्सिजन लागताच निकामी होते, पण नत्राच्या एका रेणूमागे एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे, निदान 16 रेणू खर्ची पडत असल्याने तेवढी ऊर्जा मिळवण्यासाठी जिवाणूंना श्वसनाला ऑक्सिजन हवाच असतो. हा पेच लेगहिमोग्लोबिन सोडवते. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचे हे भावंड ऑक्सिजन धरून ठेवते आणि जिवाणूंना मोजूनमापून पुरवते. गाठ नखाने चिरली आणि आत गुलाबी निघाली, तर काम चालू आहे असे समजावे.

हरभऱ्याचा बेवड, म्हणजे त्याच्यामागून येणाऱ्या पिकाला मिळणारी जमीन, चांगला, असे शेतकरी म्हणतात ते यामुळेच. मात्र घाटे भरताना बरेचसे नत्र दाण्यांत जाते आणि दाण्यांबरोबर रानाबाहेर पडते. म्हणूनच ताग, हेही मुळांवर गाठी धरणारे हिरवळीच्या खताचे पीक, फुलावर येताच गाडायचा असतो. चांगला वाढलेला ताग हेक्टरी 60 किलोच्या आसपास नत्र देतो, म्हणजे 10 गुंठ्यांना सहा किलो. आपण खाल्लेले नत्र प्रौढ शरीर साठवत नाही, त्यातले बहुतांश मूत्रावाटे बाहेर पडते. ते शोषखड्ड्यात सोडले, तर 16 किलोंच्या भरपाईसाठी 27 गुंठ्यांत दर खरिपाला ताग पेरावा लागेल, आणि तिथली ज्वारी रब्बीपर्यंत थांबेल.